उच्चशिक्षण धोरणाच्या पुरस्कारासाठी नामांकन कसं लिहावं (आणि मानपत्र का लिहू नये)

माझे बाबा मुख्याध्यापक होते. तालुक्यात कुणी शिक्षक निवृत्त व्हायला आला की मानपत्राचा मजकूर लिहून घ्यायला माणसं आमच्या घरी यायची. ‘ज्ञानदानाच्या पवित्र कार्यात आपण चंदनासारखे झिजलात’ हे वाक्य मला चौथीपासून पाठ आहे. नाव, गाव आणि सेवेची वर्षं तेवढी बदलायची, चंदन कायम.

अमेरिकेत पीएचडीच्या चौथ्या वर्षी मी माझ्या गाइडसाठी एका पुरस्काराचं नामांकन लिहिलं, ते हुबेहूब तसंच. इंग्रजी असल्यामुळे चंदन नव्हतं, एवढाच फरक. निवड झाली नाही. दोन वर्षांनी एका राज्याच्या उच्चशिक्षण विभागातल्या अधिकाऱ्यांसाठी दुसरं नामांकन केलं, ते निवडलं गेलं. त्या अधिकाऱ्यांचं काम माझ्या गाइडपेक्षा मोठं होतं असं मला आजही वाटत नाही. माझं पत्र सुधारलं होतं.

‘माझं नामांकन तू एकत्र करशील का?’ असं गाइडने विचारलंय आणि सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, अशांसाठी हा लेख आहे. बहुतेक उदाहरणं अमेरिकेतली आहेत, कारण मी तिथे केलंय. महाराष्ट्रात बसून अशा कामाचा पुरावा जमवणाऱ्यांसाठी मध्ये एक परिच्छेद आहे.

१. हे पुरस्कार कुणाचे आणि कशासाठी

उच्चशिक्षणाचा अभ्यास करणाऱ्यांची अमेरिकेतली मुख्य संघटना म्हणजे असोसिएशन फॉर द स्टडी ऑफ हायर एज्युकेशन, म्हणजे एएसएचई. स्थापना १९७६ची, वार्षिक परिषद नोव्हेंबरात. सर्वोत्तम प्रबंधासाठी बॉबी राइट यांच्या नावाचा आणि आयुष्यभराच्या कामासाठी हॉवर्ड बोवेन यांच्या नावाचा पुरस्कार ही संघटना देते. संघटनेत विषयवार कौन्सिलं आहेत. त्यातलं कौन्सिल ऑन पब्लिक पॉलिसी इन हायर एज्युकेशन सार्वजनिक धोरणाचं काम पाहतं आणि धोरणावरचं संशोधन व धोरण प्रत्यक्षात आणण्याचं काम या दोन्हींचा गौरव करतं. याशिवाय अमेरिकन एज्युकेशनल रिसर्च असोसिएशन, म्हणजे एईआरए, या मोठ्या संघटनेचे ‘जे’ आणि ‘एल’ हे विभाग आहेत. पहिला उच्चशिक्षणाचा, दुसरा शिक्षणाच्या धोरणाचा आणि राजकारणाचा. शिक्षणाच्या अर्थकारणावर काम असेल तर असोसिएशन फॉर एज्युकेशन फायनान्स अँड पॉलिसी, म्हणजे एईएफपी, ही संघटना आहे.

संशोधन आणि प्रत्यक्ष काम एकाच माणसात कसं नांदतं ते समजून घ्यायचं असेल तर जे. पी. नाईक आठवा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचा हा माणूस. १९४८ साली त्यांनी भारतीय शिक्षण संस्था उभी केली, १९६४ ते ६६ या काळात कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव म्हणून अहवालाचा गाडा ओढला, पुढे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे पहिले सदस्य-सचिव झाले. त्यांचं नामांकन लिहायला बसलात तर पहिला पेच हाच पडेल: यांना संशोधक म्हणायचं की प्रशासक?

२. आधी खण ठरवा

हा पेच पत्र लिहिण्याआधी सोडवा. ‘संशोधनही उत्तम, कामही उत्तम’ असं लिहून दोन्ही खणांत पाय ठेवला की समितीला दोन्हीकडे अर्धवट पुरावा दिसतो.

न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ साली एएसएपी नावाचा कार्यक्रम सुरू केला. दोन वर्षांच्या पदवीला येणारी बरीच मुलं मध्येच गळत होती. विद्यापीठाने पूर्णवेळ शिकण्याची अट घातली आणि त्याच्या बदल्यात अपुरी पडणारी फी भरली, बस-मेट्रोचा पास दिला, पुस्तकांना मदत केली आणि एका सल्लागाराकडे मोजकीच मुलं राहतील असं पाहिलं. पुढे एमडीआरसी या संशोधन संस्थेने मुलांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी करून मोजमाप केलं. तीन वर्षांत पदवी मिळवणारे कार्यक्रमातल्या गटात ४० टक्के, बाहेरच्या गटात २२ टक्के.

यात दोन वेगळी नामांकनं आहेत. कार्यक्रम आखून, पैसे मिळवून, निरनिराळ्या खात्यांची तोंडं एका दिशेला वळवणाऱ्यांचं एक. तो फरक कार्यक्रमाचाच आहे हे दाखवणाऱ्यांचं दुसरं. दोघांचे पुरावे निराळे, पाठिंबा देणारी माणसंही निराळी. तुमच्याकडे ज्या बाजूचा कागद जास्त भक्कम, ती बाजू घ्या. कुठली बाजू मनाला जास्त भावते याला इथे किंमत नाही.

३. आवाहन ओळ न् ओळ वाचा

आवाहन म्हणजे नामांकनं मागवणारी जाहीर सूचना. यावर फार बोलत नाही, फक्त जिथे माणसं फसतात ते सांगते. स्वतःचं नामांकन स्वतः करता येतं का? नामांकन करणारा किंवा ज्याचं करायचं तो संघटनेचा सभासद असावा लागतो का? काम अमुक वर्षांतलंच हवं का? पानांची मर्यादा पत्रापुरती आहे की सगळ्या जोडपत्रांसकट? नियम दरवर्षी बदलू शकतात, म्हणून गेल्या वर्षीची फाइल कुणी दिली तरी या वर्षीचं आवाहन समोर ठेवूनच काम करा.

आणि वेळ. मुदत ‘रात्री ११:५९, ईस्टर्न टाइम’ (अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची वेळ) अशी असेल तर उन्हाळ्यात पुण्यात दुसऱ्या दिवशी सकाळचे ९:२९ झालेले असतात, हिवाळ्यात १०:२९. भारतातून पाठिंब्याचं पत्र मागवत असाल तर त्यांना भारतीय वेळ आणि तारीख लिहून द्या, तीही दोन दिवस अलीकडची.

स्वतःचं नामांकन चालत असेल आणि ‘आपणच आपलं काय सांगायचं’ म्हणून अडत असाल, तर तो संकोच बाजूला ठेवा. ज्या आवाहनात स्व-नामांकन चालतं असं लिहिलेलं असतं, तिथे ते करणाऱ्याला कुणी नाक मुरडत नाही. आपल्याकडे ‘आपला ढोल आपण’ हा दोष मानतात. इथे तो एक अर्ज असतो.

४. ज्यांचं नामांकन करायचं, त्यांना विचारा

अचानक जाहीर करून आनंदाचा धक्का द्यायचा बेत अनेकांच्या मनात असतो. करू नका. तुम्हाला त्यांचा ताजा बायोडेटा लागेल, विधिमंडळाच्या समित्यांपुढे दिलेल्या न छापलेल्या साक्षी आणि टिपणं लागतील, आणि कुणाचं पत्र घ्यावं व कुणाचं अजिबात घेऊ नये हे त्यांनाच ठाऊक असतं. सरकारी नोकरीतल्या माणसाला तर बाहेरचा पुरस्कार घ्यायला वरिष्ठांची परवानगी लागू शकते.

विचारायला गेलात की बहुतेक जण ‘अगं, माझ्यात काय एवढं’ म्हणतील. अमेरिकन माणसंही म्हणतात, फक्त इंग्रजीत. तेव्हा एकच प्रश्न विचारा: ‘तुमच्या कामामुळे कुठल्या कागदावरचा कुठला शब्द बदलला?’ माझ्या गाइड या प्रश्नावर वीस मिनिटं बोलल्या. पहिल्या खेपेला मी तो विचारलाच नव्हता.

५. पुराव्याची साखळी जोडा

सगळं यश-अपयश इथे ठरतं. पत्र लिहायला मला दोन दिवस लागले, साखळी जोडायला सात आठवडे.

एक जगजाहीर साखळी उलगडून दाखवते. अमेरिकेत कॉलेजसाठी सरकारी आर्थिक मदत हवी तर फाफ्सा नावाचा अर्ज भरावा लागतो. वर्षानुवर्षं त्यात शंभराहून जास्त प्रश्न होते. बेटिंजर, लाँग, ओरिओपोलस आणि सॅनबोनमात्सू या चार संशोधकांनी एच अँड आर ब्लॉक या करविवरण भरून देणाऱ्या कंपनीच्या शाखांत एक प्रयोग केला. विवरण भरायला आलेल्या कमी उत्पन्नाच्या काही कुटुंबांना तिथल्या तिथे फाफ्सा भरून दिला, काहींना नुसती माहिती दिली. निष्कर्ष २०१२ साली छापून आले. अर्ज भरून दिलेल्या घरांतली जी मुलं शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती, त्यांच्यात पुढच्या तीन वर्षांत कॉलेजची दोन वर्षं पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण २८ वरून ३६ टक्क्यांवर गेलं. नुसती माहिती मिळालेल्यांत अर्ज भरण्याचं प्रमाण काही वाढलं नाही. पुढे डिसेंबर २०२० मध्ये फाफ्सा सोपा करणारा कायदा झाला.

आता नवखा माणूस लिहील: ‘या संशोधनामुळे कायदा झाला.’ समितीतला पहिलाच वाचक म्हणेल, कावळा बसायला आणि फांदी मोडायला. कारण त्याला माहीत असतं की सुझन डायनार्स्की आणि ज्युडिथ स्कॉट-क्लेटन यांनी त्याच्या कितीतरी आधी दाखवलं होतं की अर्जातल्या बहुतेक प्रश्नांवाचून मदतीचा आकडा फारसा बदलत नाही. सिनेटर लमार अलेक्झांडर वर्षानुवर्षं तो लांबलचक अर्ज सुनावण्यांत उलगडून दाखवत होते, हेही त्याला माहीत असतं. आणि कायदा झाला म्हणून गंगेत घोडं न्हालं असंही झालं नाही: एरवी ऑक्टोबरात उघडणारा अर्ज नव्या रूपात आला तो डिसेंबर २०२३ सरता सरता, आणि त्यातल्या बिघाडांनी पुढचे कित्येक महिने मुलांना आणि कॉलेजांना रडवलं.

म्हणून ‘यांच्यामुळे झालं’ लिहू नका. ‘या साखळीत यांची कडी ही’ असं लिहा, आणि त्या कडीच्या दोन्ही बाजूंना एकेक कागद लावा. कागद शोधायचे ते असे:

– विधेयकाचा मूळ आणि सुधारित मजकूर. देशाच्या पातळीवरचा काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या, संकेतस्थळावर मिळतो, राज्याचा त्या त्या विधिमंडळाच्या. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून बदललेला शब्द शोधा.
– समितीच्या सुनावणीचं इतिवृत्त आणि लेखी साक्ष.
– नियम करतानाची कागदपत्रं. फेडरल रजिस्टरमध्ये, म्हणजे तिथल्या केंद्र सरकारच्या राजपत्रात, अंतिम नियमाच्या आधी लांबच लांब प्रस्तावना असते. कुठली सूचना का मान्य केली आणि कुठली का नाही, ते त्यात खात्याने स्वतः लिहिलेलं असतं. हे सोनं आहे, आणि कंटाळवाणं असल्यामुळे कुणी वाचत नाही.
– काँग्रेससाठी अभ्यास करणाऱ्या काँग्रेशनल रिसर्च सर्व्हिसचे अहवाल. २०१८पासून ते सगळ्यांना खुले आहेत.
– राज्याच्या उच्चशिक्षण मंडळाच्या बैठकांची कार्यवृत्तं.
– ओव्हर्टनसारखा डेटाबेस, जो धोरणाच्या कागदांमध्ये संशोधनाचे उल्लेख कुठे आले ते दाखवतो. तुमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे सोय आहे का ते विचारा. गूगल स्कॉलरमधल्या उल्लेखांचा आकडा मात्र धोरणाच्या पुरस्कारात फारसा कामाचा नाही. तो आपापसात वाचणाऱ्यांचा आकडा आहे.

एक युक्ती सांगते, कारण ती मला चार दिवस वाया घालवून कळली. माझ्या गाइडनी एका राज्याच्या समितीपुढे साक्ष दिली होती, पण दोनशेहून जास्त पानांच्या त्या पीडीएफमध्ये त्यांचं आडनाव शोधलं तर काहीच सापडेना. शेवटी शोधायचं सोडून पानं उलटत बसले. ४१व्या पानावर साक्ष होती. टंकलेखकाने आडनावात एक अक्षर जास्त घातलं होतं. तेव्हापासून मी नाव तीन-चार चुकीच्या स्पेलिंगांनी शोधते, आणि मग विद्यापीठाच्या नावानेही. आपल्या नावांचं तर काय विचारता! देशपांडे, क्षीरसागर, ज्ञानेश्वर ही नावं किती तऱ्हांनी लिहिली जातील ते मोजून पाहा.

महाराष्ट्रातल्या कामाचा पुरावा जमवत असाल तर तुमची खाण म्हणजे शासन निर्णय. प्रत्येक निर्णयाला संकेतांक असतो आणि तो शासनाच्या संकेतस्थळावर मिळतो. निर्णयाच्या सुरुवातीला ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ म्हणून आधीच्या पत्रांची आणि अहवालांची यादी असते. तुमच्या माणसाच्या समितीचा अहवाल त्या यादीत असेल तर अर्धी साखळी जुळली. ‘प्रस्तावना’ही वाचा, कारण निर्णय का घेतला ते तिथे असतं. सापडत नसेल तर माहिती अधिकार कायदा, २००५ आहेच. पण अर्ज केला की साधारण ३० दिवस धरून चला, म्हणजे मुदतीच्या आठवड्यात तो आठवून उपयोग नाही. विद्यापीठांच्या कारभाराचं काम असेल तर २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमातलं नेमकं कलम द्या. ‘विद्यापीठ सुधारणेत मोलाचा वाटा’ असल्या शब्दांवर कुणी गुण देत नाही.

आणि अशासकीय, गोपनीय, ‘कुणाला सांगू नका’ म्हणून हातात आलेला कागद जोडू नका. किती का जोरदार असेना. नामांकन वाचणारे पाच-सहा जण असतात आणि त्यातला एखादा त्याच खात्यात सल्लागार असतो.

६. आता पत्र लिहा

पत्र एक-दोन पानांचं. पहिल्याच वाक्यात दावा आला पाहिजे. तुमची त्यांची ओळख कधी झाली ते नंतर, किंवा नाहीच.

माझ्या पहिल्या पत्रातला एक परिच्छेद मराठीत आणून दाखवते:

‘प्राध्यापिका अमुक या उच्चशिक्षण धोरणाच्या क्षेत्रातील अग्रगण्य विदुषी असून त्यांच्या अथक परिश्रमांनी असंख्य वंचित विद्यार्थ्यांच्या आयुष्यात प्रकाश आणला आहे.’

आणि तेच काम, आज लिहायचं झालं तर:

‘राज्याच्या शिष्यवृत्तीच्या नियमात “पूर्णवेळ” हा शब्द होता. त्या एका शब्दामुळे नोकरी करून शिकणारे वगळले जात होते, हे अमुक यांनी राज्याच्याच नोंदींवरून दाखवलं (जोडपत्र २). त्यांनी विधिमंडळाच्या समितीपुढे साक्ष दिली (जोडपत्र ३, पान ४१). सुधारित नियमात तो शब्द नाही (जोडपत्र ४).’

हे दोन्ही परिच्छेद मी एकदा बाबांना फोनवर वाचून दाखवले. पहिल्याला ते ‘वा!’ म्हणाले. दुसऱ्यानंतर थोडा वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी विचारलं, “मग आता त्या नोकरी करणाऱ्यांना मिळते का शिष्यवृत्ती?”

मला माहीत नव्हतं. नियम बदलल्यावर किती जणांना लाभ मिळाला हे मी पाहिलंच नव्हतं. मानपत्र ऐकून कुणी प्रश्न विचारत नाही, पुरावा वाचून विचारतो, आणि समितीही नेमका हाच प्रश्न विचारते. म्हणून साखळीची शेवटची कडी नेहमी माणसांपर्यंत न्या: किती जणांना, किती रकमेचा, कुठल्या वर्षापासून. आकडा अजून आला नसेल तर तसं सरळ लिहा, आणि तो कुठून व कधी येईल तेही.

काही बारीक गोष्टी. आवाहनात निकष ज्या शब्दांत दिलेत, तेच शब्द तुमच्या पत्रातल्या उपशीर्षकांत वापरा, म्हणजे गुण देणाऱ्याला शोधाशोध करावी लागत नाही. आपलं शाळेतलं इंग्रजी गाळून टाका: ‘एस्टीम्ड’, ‘काइंडली’, ‘डू द नीडफुल’. विशेषणांवर पेन्सिलीने गोल करा आणि प्रत्येकाला विचारा, हे काढलं तर काय बिघडलं? माझ्या पहिल्या पत्रात अशी तेवीस निघाली. सहलेखकांचं श्रेय द्या. ‘त्यांनी एकट्याने’ असं खोटं लिहिलं तर यादीतला एखादा सहलेखक नेमका समितीवर निघतो. आणि चॅटबॉटकडून पत्र लिहून घेऊ नका. तो मानपत्रच लिहितो, चंदनासकट.

७. पाठिंब्याची पत्रं

तीन पत्रं मागितली असतील तर तीन प्राध्यापक गाठू नका. एक पत्र संशोधनाचा कस जाणणाऱ्याचं, एक धोरणाच्या टेबलावर बसलेल्याचं, आणि एक शेवटच्या टोकावरच्या माणसाचं असू द्या. दोन वर्षांच्या पदवीच्या कम्युनिटी कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयात दिवसभर मुलांच्या रांगेसमोर बसणाऱ्या बाईंनी ‘नियम बदलल्यावर माझ्या टेबलावर काय बदललं’ एवढंच लिहिलं तरी ते मोठ्या नावाच्या पत्रापेक्षा वजनदार ठरतं. माझ्या दुसऱ्या नामांकनातलं सगळ्यात छोटं पत्र असंच होतं, सव्वा पानाचं.

पहिल्या खेपेला मी केलेली चूक: तिघांना काम हलकं व्हावं म्हणून माझा मसुदा पाठवला. तिघंही सज्जन आणि तिघंही घाईत. तिन्ही पत्रांत एक वाक्य स्वल्पविरामासकट सारखं आलं. हे माझ्या लक्षात आलं ते पाठवून झाल्यावर, रात्री एक वाजता.

मसुदा देऊ नका. प्रत्येकाला एका पानाचं टिपण द्या, त्यात पुरस्काराचे निकष, मुदत, साखळीचा सारांश आणि ‘तुम्ही या मुद्द्यावर लिहिलंत तर बरं, बाकीच्यांवर दुसरे लिहिताहेत’ एवढं असू द्या. किमान सहा आठवडे आधी विचारा. तीन आठवड्यांनी आठवण, शेवटच्या आठवड्यात फोन. सरकारी कर्मचाऱ्याला कार्यालयाच्या लेटरहेडवर असं पत्र लिहायची मुभा आहे का ते त्यांनाच विचारू द्या. नसेल तर साध्या कागदावर, पदाचा उल्लेख करून चालतं का ते आयोजकांना विचारा. राजकीय पुढाऱ्याचं पत्र मिळत असेल तर मोह होतो, पण त्या पुढाऱ्याने स्वतः काय पाहिलं ते पत्रात नसेल तर ते शाल-श्रीफळच.

८. कागदपत्रं आणि पाठवणी

साधारण इतकं लागतं. तुमच्या आवाहनात कमी-जास्त असेल.

– नामांकनाचं पत्र, सहीसह
– बायोडेटा (पूर्ण की संक्षिप्त, ते आवाहनात पाहा, संक्षिप्त मागितला असताना चाळीस पानांचा पाठवू नये)
– पाठिंब्याची पत्रं
– निवडक काम: एक-दोन शोधनिबंध, धोरण-टिपण किंवा साक्ष
– जोडपत्रं, क्रमांक घालून, आणि नेमकं वाक्य पिवळं करून
– जोडपत्रांची एका पानाची सूची
– ज्यांचं नामांकन आहे त्यांची संमती, ईमेलवरची चालते

सगळं एकाच पीडीएफमध्ये मागितलं असेल तर बुकमार्क घाला. फाइलच्या नावात आडनाव आणि वर्ष असू द्या, ‘फायनल_फायनल_२’ नको. संकेतस्थळांचे पत्ते नुसते देऊ नका, त्या पानाची प्रत काढून जोडा, कारण सरकारी दुवे मरतात. माझा एक मुदतीच्या तीन दिवस आधी मेला.

९. निकालानंतर

नाही मिळाला तर आयोजकांना दोन ओळींत विचारा, ‘पुढच्या वर्षी काय सुधारता येईल?’ सगळे उत्तर देत नाहीत. मला मिळालेलं उत्तर एका ओळीचं होतं: ‘परिणामाचा पुरावा दिसला नाही.’ त्या ओळीने मला जे शिकवलं ते मी वर पाचव्या पायरीत लिहिलंय.

मिळाला, आणि सोबत रक्कम असेल, तर कराचं पाहा. यातल्या कित्येक पुरस्कारांत फलक आणि टाळ्याच असतात. पण रक्कम असली आणि तुम्ही करासाठी अनिवासी परदेशी गणले जात असाल, तर ३० टक्के कापून बाकीची हातात येऊ शकते. त्याचा हिशेब १०४२-एस या फॉर्मवर येतो. ‘पुरस्कार मिळाला, पूर्ण रक्कम का नाही?’ म्हणून आयोजकांशी भांडण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात किंवा कर-सल्लागाराकडे विचारा.

ग्रीन कार्डाचं कुणीतरी विचारणारच, म्हणून सांगते. असामान्य गुणवत्तेच्या ईबी-१ए या वर्गासाठी दहा निकषांपैकी किमान तीन दाखवावे लागतात. त्यात एक राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्यता असलेल्या पुरस्काराचा आहे, आणि एक दुसऱ्यांच्या कामाचं परीक्षण केल्याचा. विद्यार्थ्यांपुरता किंवा विद्यापीठाच्या अंतर्गत असलेला पुरस्कार तिथे फार चालत नाही. वकिलाला विचारा, वॉट्सअ‍ॅप ग्रुपला नको. माझं मत विचाराल तर, फाइलमध्ये लावायला म्हणून नामांकन मागत फिरणारी माणसं लगेच ओळखू येतात, आणि त्यांच्यासाठी पत्र लिहिणाऱ्यांच्या पुढच्या पत्राचं वजनही त्या समितीपुढे कमी होतं.

१०. समितीवर जा

निवड समितीवर काम करायला सभासदांमधून माणसं हवी असतात आणि येणारी कमी असतात. कौन्सिलच्या पदाधिकाऱ्यांना ईमेल करा: तुमचा विषय, सभासद कधीपासून, आणि महिन्याभरात किती फाइली वाचाल. पीएचडी झाल्या झाल्याही विचारायला हरकत नाही.

मी पहिल्यांदा वाचायला बसले तेव्हा समोर अकरा फाइली होत्या, प्रत्येकीला अर्धा तास धरला होता आणि हातात गुणांचा तक्ता होता. फाइलींत काय होतं ते सांगता येत नाही, ते गोपनीय असतं, आणि ओळखीच्या माणसाची फाइल आली तर आधी सांगून बाजूला व्हायचं असतं. माझ्याबाबत तसं एका फाइलीचं झालं. उरलेल्या दहांपैकी सहांत मला दुसऱ्या पानापर्यंत कळलं नाही की या माणसाने नेमकं केलं काय. सातवी उघडली. पहिल्याच ओळीत एका कायद्याचं कलम, एक तारीख आणि एक क्रियापद होतं. मी चहा खाली ठेवला आणि जोडपत्र २ उघडलं.